दोरी ओढल्यावर

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला फ्रीमॉन्ट नावाचं शहर आहे. तिथला मोटारींचा कारखाना जनरल मोटर्सने मार्च १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा कंपनीच्या वरच्या मजल्यावर कुणी फारशी हळहळ केली नाही. जवळपास पाच हजार माणसांची नोकरी गेली, पण कंपनीच्या लेखी हे तिच्या पदरी पडलेले सगळ्यात वाईट कामगार होते. सरासरी पाचातला एक जण कामावर यायचाच नाही. लाइन सुरू करण्याइतकी माणसंही जमत नाहीत, असे सकाळचे प्रसंग यायचे. पाळी चालू असताना दारू, गांजा, जुगार सगळं व्हायचं. कुणी मुद्दाम दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली ठेवून द्यायचं; गाडी घेणाऱ्याने पुढे कितीही गॅरेजं पालथी घातली तरी तो खडखडाट कुठून येतो ते कळू नये. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातल्या न सुटलेल्या तक्रारी हजारांत मोजल्या जात, आणि अधूनमधून कसलीही नोटीस न देता काम बंद पडे.

त्या बाटलीपाशी थोडं थांबायला हवं. दाराच्या कुठल्या पोकळीत बाटली ठेवली तर तपासनीसाच्या हाताला लागणार नाही, कुठे ठेवली म्हणजे वळणावर आवाज होईल पण काच खाली-वर करताना अडणार नाही, हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. म्हणजे गाडीचं ज्ञान त्याच्याकडे होतं, कल्पकता होती, धाडसही होतं. कारखान्याने यातलं काहीच त्याच्याकडे कधी मागितलं नव्हतं. विचार करायला इंजिनिअर नेमलेले होते; कामगाराने हात चालवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. कर्मचाऱ्यांना नवं काही का सुचत नाही, असा प्रश्न जेव्हा जेव्हा विचारला जातो, तेव्हा मला हा माणूस आठवतो. त्याला सुचत होतंच. त्या सुचण्याला बाहेर पडायला कारखान्याने जी एकच वाट मोकळी ठेवली होती, त्या वाटेने ते बाहेर पडत होतं.

पुढे दोन-अडीच वर्षांत याच इमारतीत, बहुतांशी याच माणसांना घेऊन जे घडलं, ते कामाच्या ठिकाणचं वातावरण आणि वरिष्ठांची वागण्याची रीत यांच्या अभ्यासातलं सर्वांत मोलाचं उदाहरण आहे. असे प्रयोग सहसा करता येत नाहीत. दोन कंपन्यांची तुलना करायला जावं तर माणसं वेगळी असतात, गाव वेगळं असतं, माल वेगळा असतो. फ्रीमॉन्टमध्ये माणसं बरीचशी तीच राहिली आणि वागवणारे बदलले.

घडलं ते असं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जपानी गाड्यांची आयात वाढली होती आणि तिला आळा घालण्यासाठी राजकीय दबावही वाढत होता. टोयोटाला अमेरिकेतच गाड्या बनवायच्या होत्या, पण आपली पद्धत अमेरिकी कामगारांच्या आणि त्यांच्या युनियनच्या हातात चालेल का, याची खात्री नव्हती. जनरल मोटर्सला छोटी गाडी नफ्यात कशी बनवायची ते शिकायचं होतं, शिवाय एक बंद कारखाना पडून होता. १९८३ मध्ये दोघांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार झाला. नव्या कंपनीचं नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग. तिला सगळे ‘नूमी’ म्हणू लागले. रोजचा कारभार टोयोटाकडे आला आणि टोयोडा घराण्यातले तात्सुरो टोयोडा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न होता. युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनने जुन्याच कामगारांना घ्यावं असा आग्रह धरला. जनरल मोटर्सच्या अनेकांना हे वेडेपणाचं वाटलं, पण टोयोटाने मानलं. पहिल्या भरतीतल्या सुमारे २,२०० कामगारांपैकी जवळपास ८५ टक्के जुन्या फ्रीमॉन्ट कारखान्यातले होते. युनियनचे जुने, लढाऊ म्हणून ओळखले जाणारे पुढारीही त्यांत होते. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली शेव्हरोले नोव्हा लाइनवरून उतरली.

१९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी जगभरच्या मोटार कारखान्यांची मोजणी केली. त्यांच्या हिशेबात एक गाडी जुळवायला जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात ३१ तास लागत होते, जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात १६ आणि नूमीत १९. दर शंभर गाड्यांमागे दोषांची संख्या ताकाओकात ४५ होती, नूमीतही ४५. फ्रॅमिंगहॅममध्ये जवळपास तिप्पट. गैरहजेरी वीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आली. यंत्रसामग्रीची जादू म्हणावी तर तसंही नव्हतं. त्याच वर्षांत जनरल मोटर्स आपल्या इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतत होती, आणि नूमी त्या मानाने साध्याच अवजारांवर चालत होता.

मग बदललं काय? बाहेरून दिसणारे बदल लगेच सांगून टाकतो. साहेबांचं वेगळं कँटीन गेलं, त्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा गेल्या. उत्पादनातल्या कामाचे ऐंशीहून जास्त वर्ग मोडून एकच केला, म्हणजे ‘हे माझं काम नाही’ असं म्हणायची सोय उरली नाही आणि दुसरं काम शिकायची वाट मोकळी झाली. पाच-सात जणांच्या टोळ्या झाल्या. प्रत्येक टोळीचा नाईक हा कामगारच, युनियनचाच सभासद. त्याच्या हातात कुणाला मेमो द्यायचा अधिकार नव्हता. त्याचं काम मदतीला धावायचं. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण यातल्या बऱ्याच गोष्टी एखाद्या नव्या एचआर प्रमुखाला सहा महिन्यांत करून दाखवता येतील आणि तरीही काही होणार नाही. खरा बदल लाइनच्या वर टांगलेल्या एका दोरीत होता.

मोटार कारखान्यात लाइन अखंड सरकत असते. जुन्या फ्रीमॉन्टमध्ये एक नियम सगळ्यांच्या वर होता: काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. बोल्ट चुकीचा बसला, भाग उलटा लागला, एखादा सुटा भाग आलाच नाही, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. नंतर अंगणात उभ्या केलेल्या शेकडो गाड्या उघडून दुरुस्त करायच्या. लाइन थांबवण्याचा अधिकार फक्त वरच्यांचा. कामगाराने तसं केलं तर नोकरीवर गदा. याचा अर्थ असा की चूक सर्वांत आधी ज्याच्या डोळ्यांना दिसते, त्यानेच ती न पाहिल्यासारखी करायची. वर्षानुवर्षं असं करत राहिलेल्या माणसाकडून सुधारणेची कल्पना येईल कशी? सुधारणा म्हणजे तरी काय, दिसलेल्या अडचणीवर काढलेला उपायच ना. अडचण दिसली असं म्हणायचीच मनाई, तर पुढचं सगळंच खुंटतं.

टोयोटाच्या कारखान्यात तेव्हा प्रत्येक कामगाराच्या डोक्याशी एक दोरी असे. काही बिनसलं की ती ओढायची. दिवा लागे, ठरलेली धून वाजे आणि टोळीचा नाईक धावत येई. गाडी त्या जागेच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर तो पुन्हा दोरी ओढे आणि लाइन थांबतच नसे. नाही सुटली तर थांबे. या व्यवस्थेचं नाव अँडॉन. तिचं मूळ मोटारींत नाही, मागात आहे. तात्सुरोंचे आजोबा साकिची टोयोडा यांनी असे माग बनवले होते की सूत तुटलं की माग आपोआप थांबे. १९२४ साली पूर्ण झालेला त्यांचा स्वयंचलित माग जगभर नावाजला गेला. सदोष कापड वारभर विणून मग उसवत बसण्यापेक्षा चूक झाली त्या क्षणी थांबणं बरं, हा विचार या घराण्यात तेव्हापासूनचा.

नूमीचं ठरत होतं तेव्हा जनरल मोटर्सच्या लोकांना ही दोरी फार खुपली. या असल्या कामगारांना तुम्ही लाइन थांबवायचा हक्क देणार, असा त्यांचा सवाल होता. जॉन शूक हे अमेरिकी गृहस्थ तेव्हा टोयोटात होते आणि फ्रीमॉन्टच्या कामगारांच्या प्रशिक्षणाची आखणी करत होते. त्यांनी पुढे लिहिलं आहे की टोयोटाच्या लेखी हा हक्काचा मामला नव्हताच. अडचण दिसली की दोरी ओढणं हे कामगाराचं कर्तव्य होतं. आणि त्याला हे कर्तव्य करता यावं म्हणून दोरी ओढल्यावर ठरावीक सेकंदांत मदत पोचवणं हे व्यवस्थापनाचं वचन होतं.

नूमीच्या शेकडो लोकांना आळीपाळीने जपानला, ताकाओका कारखान्यात पाठवलं गेलं. तिथे त्यांनी वर्गात बसून तत्त्वज्ञान ऐकलं ते थोडं, आणि लाइनवर उभं राहून काम केलं ते पुष्कळ. एखादा बोल्ट नीट बसला नाही एवढ्यासाठी कामगार दोरी ओढतो, आणि धावत आलेला माणूस त्याच्यावर खेकसत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आपण मागे पडलो की शेजारचा येऊन हात देतो आणि हे काम सोपं कसं करता येईल, असं आपल्यालाच विचारतो, हाही अनुभव घेतला. वीस वर्षं मोटारी बनवलेल्या त्या माणसांपैकी अनेकांना आपलं मत कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. शूक यांचं म्हणणं मला पटतं: कंपनीची संस्कृती भाषणांनी बदलत नाही, माणसांना वेगळं वागायची संधी द्यावी लागते, विचार मागाहून बदलतो.

दोरी टांगणं सोपं आहे. सगळी परीक्षा होते ती दोरी ओढल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. धावत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय आहे? तो आधी काय विचारतो, ‘काय झालं’ की ‘कुणी केलं’? त्या अर्ध्या मिनिटात आजूबाजूचे वीस-पंचवीस जण मान न वळवता सगळं टिपत असतात, आणि उद्या आपण बोलायचं की नाही ते ठरवतात. वातावरण नावाची जी गोष्ट हवेत असल्यासारखी वाटते, ती अशी दर पाळीला, दर दोरीला नव्याने घडते.

याला पुष्टी देणारं एक संशोधन अगदी वेगळ्या ठिकाणाहून आलं. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन ही तरुण संशोधक अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होती. ज्या विभागात परिचारिकांचा आपसातला मेळ चांगला, प्रमुख चांगली, तिथे चुका कमी असणार, ही तिची अटकळ. आकडे आले ते उलटे. चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. आधी ती गोंधळली. मग लक्षात आलं की त्या विभागांत चुका जास्त होत नसाव्यात, त्या सांगितल्या जास्त जात असाव्यात. जिथे प्रमुख परिचारिका अंगावर धावून येते तिथे चूक कागदावर येतच नाही, म्हणून तो विभाग कागदावर स्वच्छ दिसतो. पुढे १९९९ मध्ये तिने एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण बोललो तर इथे आपली फजिती होणार नाही, शिक्षा होणार नाही, असा गटातल्यांना सामायिक भरवसा असेल तर तो गट जास्त शिकतो, असं त्यात दिसलं. या भरवशाला तिने मानसिक सुरक्षितता म्हटलं. तुमच्या कार्यालयात तक्रारी आणि चुकांची संख्या शून्य असेल, तर खूश होण्याआधी या रुग्णालयांची आठवण ठेवावी.

नेतृत्वाच्या शैलींचा अभ्यास त्याहून जुना आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीला आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे हस्तकलेचे गट केले आणि त्यांना वेगवेगळ्या वृत्तीचे प्रौढ म्होरके दिले: एक हुकूम सोडणारा, एक सगळ्यांना विचारून ठरवणारा, एक काहीच न करणारा. हुकूमशहाच्या गटात काम पुष्कळ होई, पण तो खोलीबाहेर गेला की थंडावे. विचारून ठरवणाऱ्याच्या गटात तो नसतानाही चालू राही आणि कामात स्वतःचं काही असे. ज्या गटाला नुसतं मोकळं सोडलं त्याचं काम सर्वांत वाईट झालं. हा तिसरा निष्कर्ष बरेच जण विसरतात, आणि नवकल्पना हवी म्हणून नियम काढून टाकतात.

नूमीत नियम कमी नव्हते, उलट जास्त होते. प्रत्येक काम कुठल्या क्रमाने, किती सेकंदांत, कुठला हात कुठे ठेवून करायचं ते कागदावर लिहिलेलं असे. जुन्या कारखान्यातही असे कागद होते, पण ते स्टॉपवॉच घेऊन फिरणाऱ्या इंजिनिअरांनी लिहिलेले. इंजिनिअर मोजायला आला की कामगार मुद्दाम सावकाश काम करत. मग कागदावरची वेळ खोटी, आणि ती खोटी आहे हे दोघांनाही माहीत. नूमीत स्टॉपवॉच टोळीच्या हातात दिलं. त्यांनी एकमेकांच्या कामाची वेळ घेतली, चार जणांच्या चार पद्धती पाहिल्या, त्यातली सोपी आणि बिनधोक कुठली ते ठरवलं, आणि तो कागद स्वतः लिहिला. ती पद्धत दुसऱ्या पाळीच्या टोळीलाही पटवावी लागे. नंतर कुणाला अजून बरं सुचलं, तर कागद पुन्हा बदलायचा.

पॉल अॅडलर या प्राध्यापकाने या कारखान्यात बराच काळ घालवून हे सगळं नोंदवलं, आणि त्याचं निरीक्षण फार मोलाचं आहे. नियम माणसाला गुलाम करतात असं आपण धरून चालतो. पण नियम कोण लिहितं आणि बदलतं कोण, यावर ते अवलंबून आहे. काम नेमकं कसं होतं हे लिहिलेलंच नसेल तर सुधारलं काय हेही सांगता येत नाही. टोळीने लिहिलेला तो कागद म्हणजे तिची आजवरची सर्वांत चांगली कल्पना होती, आणि तो उद्या बदलता येतो हे त्यांना माहीत होतं.

या कल्पना मोठ्या नसत. अवजाराची मूठ फिरवून घेणं, सुट्या भागांची खोकी दोन पावलं जवळ आणणं, वाकावं लागू नये म्हणून फिक्स्चर वर उचलणं, असलंच बहुतेक. पण १९८६ मध्ये नूमीतल्या २६ टक्के कामगारांनी सूचना दिल्या होत्या, आणि १९९१ मध्ये ९२ टक्क्यांनी. त्या एका वर्षात दहा हजारांहून जास्त सूचना आल्या. २६ पासून ९२ पर्यंत जायला पाच वर्षं लागली, याकडेही लक्ष द्यावं. ज्यांनी वीस वर्षं तोंड बंद ठेवलं ते एका प्रशिक्षण शिबिराने बोलते झाले नाहीत. शेजाऱ्याची सूचना खरंच अमलात आलेली त्यांनी पाहिली, मग स्वतःची एक छोटी देऊन बघितली.

सूचनापेटी आपल्याकडेही जागोजागी आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूजच्या कारखान्यांत कायझेनचे, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचे, फलक आहेत, वार्षिक स्पर्धा आहेत, आणि काही ठिकाणी ते काम अस्सल आहे. मुंबईच्या कांदिवलीत आणि नागपुरात ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्राच्या विभागाने २००३ मध्ये जपानचं गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळवलं, ते फलक रंगवून मिळत नाही. पण पुष्कळ ठिकाणी पेटीत चिठ्ठी पडते, महिन्याने समितीपुढे जाते, समिती ती संबंधित विभागाकडे पाठवते, आणि तो विभाग ‘पाहू’ म्हणतो. चिठ्ठी टाकणारा वाट पाहतो आणि पुढच्या खेपेला टाकत नाही. मग ‘आमच्या लोकांना उत्साहच नाही’ असं म्हटलं जातं. गंमत अशी की टोयोटाने सूचनांची पद्धत उचलली ती अमेरिकेतूनच. एइजी टोयोडा १९५० मध्ये फोर्डचा कारखाना बघायला गेले होते, तिथली सूचना योजना त्यांना आवडली आणि १९५१ मध्ये ती टोयोटात सुरू झाली. फरक पडला तो चिठ्ठीला उत्तर कुणी आणि किती लवकर द्यायचं यात. नूमीत पहिलं उत्तर टोळीच्या नाइकाचं असे, लाइनवरच, आणि जमण्यासारखं असेल तर लगेच करून बघायचं.

याहून खोलवरचा एक प्रश्न आहे, आणि कामगाराच्या मनात तो सर्वांत आधी येतो. मी असं काही सुचवलं की ज्याने पाच जणांचं काम चार जणांत होईल, तर पाचव्याचं काय? तो पाचवा मीच असलो तर? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी शहाणा माणूस सूचना देणार नाही, आणि त्याने देऊही नये. टोयोटा हे स्वतः पोळून शिकली होती. १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, मोठी कामगारकपात झाली, कडवा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी पायउतार होऊन त्याची जबाबदारी घेतली. पुढच्या काळातला नोकरीच्या सुरक्षिततेचा शब्द त्या संपातून आला.

नूमीच्या करारात तो लिहून दिला होता: कंपनीच्या अस्तित्वावरच बेतल्याशिवाय कामगारांना कमी करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी व्यवस्थापकांचे पगार कापू. १९८७-८८ मध्ये याची कसोटी लागली. नोव्हाचा खप पडला, कारखाना क्षमतेच्या साठ टक्क्यांहून खाली आला. अमेरिकेत अशा वेळी काय होतं ते प्रत्येकाला पाठ होतं. नूमीने एकालाही काढलं नाही. जास्तीची माणसं प्रशिक्षणात बसवली, जी कामं पूर्वी बाहेरच्या कंत्राटदारांना जात ती त्यांना दिली, सुधारणांच्या कामावर लावली. मला वाटतं, सूचना देणाऱ्यांचं प्रमाण पुढे एवढं चढलं त्यामागे या एका वर्षाचा फार मोठा वाटा असावा. शब्द पाळताना पाहिल्यावर माणसं वेगळी वागतात.

या कारखान्याचं नुसतं गुणगान करणं बरोबर होणार नाही. लाइनचा वेग जीवघेणा होता. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी या पद्धतीवर कडक टीका केली: प्रत्येक मोकळा सेकंद पिळून काढायचा, टोळीतल्या माणसांचंच एकमेकांवर दडपण आणायचं आणि त्याला सहभाग म्हणायचं, याला त्यांनी तणावाने चालवलेलं व्यवस्थापन म्हटलं. टीका पोकळ नव्हती. १९९३ च्या मॉडेलची सुरुवात होत असताना हात-पाठ दुखावलेल्यांची संख्या वाढली आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने नूमीवर ठपका ठेवला. त्यानंतर कंपनी आणि युनियन यांनी मिळून कामाची रचना शरीराला झेपेल अशी करायचं काम हाती घेतलं आणि पुढच्या मॉडेलच्या वेळी परिस्थिती पुष्कळ सुधारलेली होती. युनियन जिवंत होती म्हणून हे झालं. बोलायला उत्तेजन देणारा साहेब चांगला, पण साहेबाचा मूड बदलला तरी बोलता येईल अशी व्यवस्था त्याहून गरजेची असते. नूमीत दोन्ही होतं.

आता प्रश्न उरतो जनरल मोटर्सचा. तिने ही भागीदारी शिकण्यासाठी केली होती. तिचे व्यवस्थापक नूमीत काम करून, सगळं पाहून परत गेले. टोयोटाने काही लपवलं नव्हतं. कारखाना पाहायचा तेवढा पाहा, फोटो काढा, असंच धोरण होतं. जनरल मोटर्सच्या एका वरिष्ठाने नूमीच्या इंच न् इंच जागेचे फोटो काढून आपला कारखाना तसाच करायला सांगितलं होतं, अशी हकिगत नंतर सांगितली गेली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात नूमीची पद्धत आणायचा मोठा प्रयत्न झाला. तो फसला आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला.

का फसला, याची उत्तरं कामगारांपेक्षा वरच्या पायऱ्यांवर सापडतात. सुपरवायझर आणि व्यवस्थापक यांचं मोजमाप पूर्वीचंच राहिलं होतं: पाळीला गाड्या किती निघाल्या. ज्याचा बोनस आकड्यावर आहे त्याला दोरी ओढली जाताना पोटात गोळा येणारच, आणि तो चेहऱ्यावर दिसणारच. एखादा भाग बसत नाही म्हणून कामगाराने थांबवलं तरी तो भाग दूर कुठे तरी डिझाइन विभागाने ठरवलेला असे, आणि तो विभाग कारखान्याच्या सांगण्यावरून आरेखन बदलायला तयार नसे. कामगारांना बोलायला शिकवलं, ऐकायला वर कुणी नेमलंच नाही. त्यात बंद पडण्याची टांगती तलवार डोक्यावर, म्हणजे सूचना आणि कपात यांचं नातं प्रत्येकाच्या मनात पक्कं. नूमीतून शिकून आलेले व्यवस्थापक बरीच वर्षं एकेकटे वेगवेगळ्या कारखान्यांत पांगलेले राहिले. त्यांतला कुणी आपल्या वरिष्ठाला सांगू लागला की आपण चुकतो आहोत, तर त्याच्या वाट्याला जे यायचं ते जुन्या फ्रीमॉन्टच्या कामगाराच्या अनुभवाहून फार वेगळं नव्हतं. वातावरण शॉप फ्लोअरवर बदलायचं आणि केबिनमध्ये तसंच ठेवायचं, हे जगात कुठेच जमलेलं मला ठाऊक नाही.

जनरल मोटर्स पुढे शिकली, पण सावकाश आणि कंपनीच्या कडेकडेने. जून २००९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि नूमीतून बाहेर पडली. टोयोटाने एकट्याने कारखाना चालवायचं नाकारलं. एप्रिल २०१० च्या पहिल्या दिवशी शेवटची गाडी, एक कोरोला, बाहेर पडली आणि सुमारे ४,७०० जणांची नोकरी गेली. टोयोटाने दिलेल्या शब्दाची मर्यादाही त्या दिवशी दिसली. ती इमारत नंतर टेस्लाने घेतली.

जिथे जनरल मोटर्सला हे खरोखर जमलं ती जागा अमेरिकेत नव्हती. पूर्व जर्मनीत आयझेनाख गावी वार्टबुर्ग गाड्या बनायच्या. देश एक झाल्यावर तो सरकारी कारखाना १९९१ मध्ये बंद पडला आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीच्या असलेल्या ओपेल कंपनीने तिथे नवा कारखाना बांधला, तो १९९२ मध्ये सुरू झाला. पूर्वी अशाच संयुक्त कारखान्यांत टोयोटा आणि सुझुकीबरोबर काम केलेल्या व्यवस्थापकांची एक अख्खी तुकडी त्या कारखान्यावर पाठवली गेली. वरपासून खालपर्यंत दोरीचा अर्थ कळलेली माणसं होती. कामगार बहुतांशी वार्टबुर्गचेच घेतले. सरकारी यंत्रणेत काम केलेली ही माणसं स्वतः होऊन काही सुचवणार नाहीत, असं जर्मनीत पुष्कळांना वाटत होतं. काही वर्षांतच आयझेनाख युरोपातल्या सर्वांत उत्पादक मोटार कारखान्यांत गणला जाऊ लागला, आणि ओपेलच्या पश्चिमेकडच्या जुन्या कारखान्यांतले लोक तिथे शिकायला येऊ लागले.